तुझ्या पायाची जागा

आत्या, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. कॉलेजचे प्राचार्य बोलले, आपल्या कोन गावच्या विहारातले काका बोलले, तुझ्या जुन्या विद्यार्थिनी तर एकामागून एक उठतच होत्या. तू कुठे शिकलीस, कशी शिकलीस, फिजिक्स शिकवायला कधी लागलीस, भिवंडीहून स्वतः गाडी चालवत कल्याणला जाणारी पहिली बाई तूच, असं सगळं. खरंच होतं ग सगळं. पण सेन्सरची गोष्ट कुणीच सांगितली नाही! एकानं पण नाही! मी पांढरी साडी नेसून मागे बसले होते आणि स्वतःलाच सांगत होते, उठ मनू, तू सांग, तू तर तिथे होतीस. पण उठले असते तर पहिल्या वाक्यालाच रडले असते. मग वंदना झाली, जेवणं झाली, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. गोष्ट राहिलीच.

म्हणून आता टाइप करतेय. शेठ जेवायला गेलेत, लग्नाच्या पत्रिका बाजूला ठेवल्यात, कॉम्प्युटर माझाच आहे. खाली कापडाचे लूम चालू आहेत आणि टेबल हलतंय, तुला माहितीच आहे निजामपुऱ्यातलं आमचं छपाईचं दुकान. दर दोन ओळींनी सेव्ह करते, लाइटचा काय भरवसा. चुका राहतील. तू लाल पेन घेऊन बसू नकोस.

कुठून सुरू करू? पापडापासून करते.

तुझी कंबर इतकी धरली की कॉलेजातून रजा घ्यावी लागली, आणि एका रविवारी तू गाडीची चावी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून म्हणालीस, आता गाडी मनू चालवेल. दादाचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "आत्या, मला येते ना चालवता, हिला कशाला?" तू म्हणालीस, "तुला येते म्हणूनच हिला."  पप्पांची मोठी बहीण तू, तुझ्या शब्दापुढे ते कधी जायचेच नाहीत. त्यांनी फक्त वरणाची वाटी जरा जोरात ठेवली.

राहनाळला गोडाऊनच्या मागे तो लांब रस्ता आहे ना, रविवारी जिथे ट्रक नुसते उभे असतात, तिथे तू मला शिकवलंस. कमरेला पट्टा बांधून शेजारच्या सीटवर ताठ बसायचीस, परीक्षेला सुपरव्हिजनला बसल्यासारखी. पहिलं वाक्य काय? "चप्पल काढ." मी अनवाणी. "आता ॲक्सिलरेटरवर भाजलेला पापड ठेवलाय असं समज. पाय ठेवायचा, पण पापड मोडायचा नाही."

मी विचारलं, "आणि ब्रेकवर?"

"ब्रेकवर झुरळ."

मी इतकी हसले की गाडी बंदच पडली. पण आत्या, तो पापड माझ्या पायात बसला ग. कायमचा. भिवंडीत गाडी चालवणारा प्रत्येक माणूस दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो. खड्डा, रिक्षा, टेम्पो, हातगाडी, दुसरं करणार तरी काय. फक्त तू पाय एका जागी ठेवून चालवायचीस आणि नंतर मी. तेव्हा मला वाटायचं ही नुसती तुझी हौस आहे. सगळी गोष्ट ह्याच्यावर फिरणार आहे हे मला काय माहीत!

मग झटके सुरू झाले.

मोकळा रस्ता, तिसरा गिअर, पाय अगदी पापडावर, आणि मध्येच गाडी अशी अडखळायची, जणू कुणी मागून पदर ओढला. एक क्षण ओढ जायची, लगेच परत यायची, मान पुढे मागे. दादानं लगेच नाव ठेवलं. "मनीची गाडी आली बघ, उचक्या देत. अगं पाणी पाज तिला!" मी म्हणायचे माझ्यामुळे नाही होत. तो म्हणायचा, मग दे इकडे. आणि हाणत घेऊन जायचा नाक्यापर्यंत आणि परत. एकसुद्धा झटका नाही. "बघ. लोणी. क्लच सोडता येत नाही तुला, मान्य कर ना."

सलीमभाईंच्या गॅरेजला नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला आणि झटकला. बाहेर काय आलं? कापूस! लूमचा सगळा उडालेला तंतू, अख्खी उशी भरेल एवढा. सलीमभाई म्हणाले, "भिवंडी की गाडी है मॅडम, कपडे का आधा थान तो इसके पेट में है." हवा मारली, फिल्टर साफ केला, स्वतः चक्कर मारून आले, दादासारखेच हाणत. "मक्खन." मी घेऊन निघाले. वंजारपट्टीच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि उचकी. परत नेली. आता म्हणाले पेट्रोलमध्ये रॉकेल असेल, पंप बदला. पंप बदलला. उचकी. मग प्लग. मग ठाण्याच्या शोरूमला नेली, त्यांनी आपलं मशीन लावलं आणि मशीन म्हणालं, काही दोष नाही. त्यांचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, नवीन शिकलाय का?" इतक्या गोडीनं म्हणाला ना, की मला त्याच्याच पान्यानं त्याला मारावंसं वाटलं.

बघ ना आत्या, आता लिहिताना दिसतंय. प्रत्येकानं गाडी चालवून बघितली. प्रत्येकानं स्वतःच्या पायानं. आणि प्रत्येकाला ती ठीक लागली, मग राहिलं काय? मी.

आणि मला पण तसंच वाटायला लागलं होतं. हे तुला मी सांगितलं नव्हतं. घरी रिकाम्या खुर्चीवर बसून पाय फरशीवर ठेवून बघायचे की हलतो का, आपल्याला न कळता.

मग कोनचा पूल. पप्पा शेजारी बसले होते, कल्याणला त्यांचं काही काम होतं. पुलाच्या चढाला लागलो, मागे भरलेला ट्रक, अगदी चिकटून, आणि गाडीनं उचकी दिली. ओढच गेली. ट्रकवाल्यानं असा हॉर्न मारला की माझे कान बधिर. ट्रक आमच्या डावीकडून घासल्यासारखा गेला, पप्पांच्या खिडकीबाहेर त्याचं चाक होतं, पप्पांच्या खांद्याएवढं. पुढे बाजूला थांबवली. पप्पांनी हात पुढे करून स्वतः चावी काढली. पप्पा घाबरले की कोनची भाषा बोलतात.

"तुला जमत न्हाय. बास झाला. आजपासून चावी माझ्याकडं."

"पप्पा, मी काही केलं नाही, गाडीच..."

"गाडी सगळ्यांना चालते. तुलाच कशी चालत न्हाय?"

 ते घरापर्यंत स्वतः चालवत आले. आणि आत्या, गाडीनं त्यांना एक झटका दिला नाही. एक सुद्धा नाही! मी मागे बसून मनातल्या मनात तिला शिव्या देत होते, दे ना, एक दे ना मेले.

आता तू. म्हणजे आता गोष्टीतली माझी आवडती जागा.

तू वर खाटेवर सपाट पडली होतीस, गुडघ्याखाली उशी. मी येऊन रडत सगळं सांगितलं.  माझं संपल्यावर छताकडे बघतच विचारलंस, "झटका बसतो तेव्हा तुझा पाय काय करतो?"

"काहीच नाही करत."

"नक्की?"

"नक्की."

"बरं."

बस्स! एवढंच! "बरं"! अगं, इतक्या लोकांनी गाडी तपासली, पण हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. आणि तू विचारलास तो विचारलास, वर माझं उत्तर तसंच्या तसं घेतलंस, जसं प्रयोगशाळेत तू थर्मामीटर वाचतेस तसं. मी चुकतेय का, खोटं बोलतेय का, काही नाही. मनूचा पाय हलत नाही, हे लिहून ठेवलं आणि पुढे गेलीस. मी रडायची थांबले ती त्या "बरं"नं.

संध्याकाळी पप्पा आले तेव्हा तू त्यांना वर बोलावलंस. "हिचा पाय हलत नाही. म्हणजे गाडीला तो हललाय असं वाटतंय."

पप्पा म्हणाले, "ताई, गाडीला काय वाटतं?"

"ह्या गाडीला वाटतं. जुन्या गाडीत पायानं तार ओढली की पेट्रोल सुटायचं, मध्ये कुणी नाही. हिच्यात तार आहेच, पण मध्ये एक कॉम्प्युटर आहे. पाय किती दाबलाय हे त्याला एक छोटा सेन्सर सांगतो. तो जे सांगेल ते कॉम्प्युटर खरं मानतो. सेन्सर म्हणाला पाय उचलला, की तो पेट्रोल तोडणार. पाय तिथेच असला तरी."

"मग माझ्या पायाबद्दल तो खोटं का बोलत न्हाय?"

तू उठायचा प्रयत्न केलास, कमरेत कळ आली, परत पडलीस, आणि पडल्या पडल्या हसलीस. म्हणालीस, "आपल्या जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवतंय? फिरवताना एका ठरावीक जागी खरखर करायचं. का? कारण आपण रोज तेवढ्याच आवाजावर ऐकायचो. आत एक काळी पट्टी असते, तिच्यावरून एक पत्र्याची जीभ घासत जाते. जिथे रोज थांबते तिथे पट्टी झिजते. झरकन फिरवलं तर खरखर कळतच नाही. त्याच जागी थांबलास तरच कळते. सेन्सर आतून तसाच आहे. तू त्या जागेवरून उडी मारून जातोस. मनू तिथे थांबते."

पप्पा म्हणाले, "हे तुला खाटेवर पडून कळलं?"

"कळलं नाही अजून. वाटतंय. उद्या बघू."

"वाटतंय" म्हणालीस! मी असते ना तुझ्या जागी तर गल्लीभर ओरडत सुटले असते.

दुसऱ्या दिवशी तू पट्टा आवळून रिक्षात बसलीस, गाडी दादानं सलीमभाईंकडे आणून ठेवली होती. तुझ्या मांडीवर लॅबमधला तो जुना सुईचा मीटर, काळा, जड, चामड्याच्या पेटीतला. सलीमभाईंनी तो बघितला आणि त्यांचा नवा आकड्यांचा मीटर पुढे केला. "मॅडम, ये लो, डिजिटल है. वो तो दादाजी के जमाने का है."

तू म्हणालीस, "आपका वाला नंबर सोचके बताता है. मेरा वाला सोचता नहीं."

मग तू पदराची टाचणी काढलीस. आत्या, मी शपथेवर सांगते, पदराची टाचणी! दुसरी माझ्या ओढणीची. सेन्सरच्या जोडणीत मागून, जिथे तारा आत जातात तिथून, अलगद सरकवलीस, वायर कुठेही कापली नाही. टाचण्यांना मीटरचे चिमटे. चावी फिरवली, इंजिन बंदच. सलीमभाई आत बसले आणि ॲक्सिलरेटर दाबला, खच्चक. सुई सरळ वर गेली, सरळ खाली आली. "देखो मॅडम. एकदम ठीक."

"सलीमभाई, ये पैर है या हथौडा?"

गॅरेजमधले सगळे हसले, सलीमभाई पण. तू मला म्हणालीस, "चप्पल काढून बस."

मी बसले. पाय ठेवला. इतका हळू दाबायला लागले की मला स्वतःलाच दाबतेय की नाही कळेना. बॉनेट उघडं, मला काही दिसत नव्हतं, फक्त तुमची दोघांची डोकी. मग सलीमभाईंचा आवाज आला, एकदम हळू, "या अल्ला." मग म्हणाले, "फिर से करो बेटी." परत केलं. "फिर से." चौथ्यांदा की पाचव्यांदा ते स्वतः आत येऊन बसले, बूट काढले, मोजे काढले, आणि जीभ दातात धरून दाबायला लागले, आणि मी पळत जाऊन बघितलं. सुई हळूहळू चढत होती, चढत होती, आणि पाव वाटेवर आली की धपकन खाली! परत वर! जणू पायरीच नाही तिथे. पाय चाललाय पुढे आणि सुई पडतेय.  इतके आठवडे जे फक्त मला कळत होतं, ते तिथे होतं, सगळ्यांसमोर, काचेखाली, हलत होतं!

मला वाटलं झालं, जिंकलो. तू म्हणालीस, "अजून नाही. ही सुई आणि तो झटका एकच आहेत हे कुठे दिसलं? आता रस्त्यावर. आणि तुझा बाप मागच्या सीटवर."

पप्पा आले. कामावरून अर्धी रजा टाकून आले, पण आले. सलीमभाईंनी लांब वायर जोडून बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, खिडकीतून आत घेतली आणि मीटर तुझ्या मांडीवर. मी चालवायला, तू शेजारी, पप्पा मागे. कल्याण रोडला लागलो. तू मला एकच सांगितलंस, "मी काय बोलते तिकडे लक्ष देऊ नकोस. रस्ता बघ." आणि मान खाली घालून सुईकडे बघत बसलीस. रस्त्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

टेम्पो गेले, रस्ता सुटला. तिसरा गिअर. पाय जागेवर.

"आता," तू म्हणालीस. आणि झटका.

परत. "आता." झटका.

"आता. आता." दोन झटके.

अगं, देवळात घंटा वाजवल्यासारखं! तू मान खाली घालून बोलत होतीस आणि गाडी त्याच क्षणी अडखळत होती. मला रडू पण येत होतं, हसू पण.  कोनच्या अलीकडे पप्पा मागून म्हणाले, "थांबव."

ते उतरले, फिरून माझ्या दाराशी आले. "मला बघू दे." मी मागे गेले. ते चालवायला लागले, आपल्या पद्धतीनं. काही नाही. सुई झरझर वर, झरझर खाली. पप्पांनी तुझ्याकडे बघितलं.

"हळू," तू म्हणालीस. "अजून हळू. मनूसारखं."

"मनूसारखं म्हणजे कसं?"

"पाय तिथेच ठेव. तिथेच. तुला जमत न्हाय का?"

तू हे मुद्दाम कोनच्या भाषेत म्हणालीस ना? मला माहितीये तू मुद्दाम म्हणालीस. पप्पांचे कान लाल झाले. त्यांनी चप्पल काढली. चालत्या गाडीत! आणि आत्या, त्यांना जमेना ग. पाय थरथरायचा, पुढे जायचा, मागे यायचा. बऱ्याच वेळानं, एका मोकळ्या पट्ट्यात, त्यांचा पाय थांबला. आम्ही तिघं श्वास धरून.

"आता," तू म्हणालीस.

आणि गाडीनं पप्पांना उचकी दिली.

ते बाजूला थांबले, उतरले, खाडीकडे तोंड करून उभे राहिले. मी काही बोलणार होते, तू माझ्या मनगटावर बोटं ठेवलीस. मग आपण दोघी तशाच बसून राहिलो, मांडीवर मीटर, खिडकीतून वायर.

नवा सेन्सर मुंबईहून आला. बसवला, झटके गेले, गोष्ट खरं तर तिथेच संपायची. पण तुला जुना उघडून बघायचा होता. सलीमभाईंनी हॅकसॉच्या पात्यानं त्याचं झाकण कापलं. आत खरंच ती काळी पट्टी, कमानीसारखी, नखाएवढी. सगळी गुळगुळीत काळी, आणि एका जागी फिकट, खरवडल्यासारखी. तिथे काहीच उरलं नव्हतं. सलीमभाई म्हणाले, "एक ही जगह घिसा है. कोई एक ही स्पीड पे चलाता रहा होगा. बरसों."

मी तुझ्याकडे बघितलं. भिवंडी ते कल्याण, कल्याण ते भिवंडी, कॉलेज उघडं असेल त्या प्रत्येक दिवशी, ना कमी ना जास्त. मागून रिक्षावाले ओरडायचे, म्हातारे चल, तरी तुझा पाय हलायचा नाही. तो पाय तिथे होता, आत्या! पेडलपासून तार, तारेपासून ती पत्र्याची जीभ, आणि तिनं हळूहळू, धूळभर धूळभर, तुझी चाल त्या काळ्या पट्टीवर कोरली होती. मी तो तुकडा उन्हात धरला. मला अजूनही सांगता येत नाही मला काय वाटलं. माणूस चालून चालून दगडी पायरी झिजते ते मी बघितलंय, पण ही गाडीच्या पोटात, कुणालाही न दिसता झिजलेली.

तू बघितलंस, चष्मा काढून डोळ्याजवळ नेऊन बघितलंस. म्हणालीस, "ही मी आहे." आणि हसलीस. आणि मग गप्प झालीस. खूप वेळ. चहा आला तो निवला. मला वाटलं कंबर दुखतेय.

त्या गप्प बसण्याबद्दल मला आता बोलायचंय. पण आधी आपलं भांडण.

पप्पांनी चावी परत दिली, म्हणजे खिळ्याला लटकवली आणि बाजूला झाले.  आणि माझ्या गाडीत बसायचे मात्र नाहीत. कल्याणला जायचं असलं की म्हणायचे मला अजून एकीकडे जायचंय, मी रिक्षानं जातो. पुढे तुझं दुखणं वाढलं, तुला हॉस्पिटलला घेऊन जायचे मी, ते मागून दुसरीकडून यायचे. मी चिडायचे. मी म्हणायचे त्यांनी एकदा म्हणायला पाहिजे, मनू, माझं चुकलं. तू म्हणायचीस, "कशाला? सुई पडलेली त्यानं बघितली. आता काय लेखी घ्यायचंय?" मी म्हणायचे बघून उपयोग काय, विश्वास कुठे आहे? तू म्हणायचीस, "बघणं एका मिनिटात होतं. विश्वासाला वेळ लागतो. आणि कोनच्या पुलावर तो मेला असता मनू, त्याचं भय झटक्याबरोबर जाईल असं तुला का वाटतं?" मी म्हणायचे तू नेहमी तुझ्या भावाची बाजू घेतेस. शेवटच्या वेळी हॉस्पिटलमधून येताना पण आपण हेच भांडलो. तू म्हणालीस, खिडकी बंद कर, गार वारा येतोय. विषय तिथेच राहिला. पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्स आली, पप्पा तिच्यात बसले, मी तुझी गाडी घेऊन मागे मागे.

काल पप्पा म्हणाले, ताईचं कॉलेजातलं कपाट रिकामं करायचंय, चलतेस का? मला वाटलं रिक्षानं. ते जाऊन गाडीच्या दाराशी उभे राहिले. पुढच्या.

कॉलेजला पोचलो. कपाटात काय असणार, शाल, डस्टर, मीटरची ती पेटी, पावसाळी चपला. शिपाईमामा रडले. परत निघालो. पूल ओलांडला तेव्हा पप्पा समोर बघतच म्हणाले, "ताईनं गाडी का सोडली माहीत हाय का तुला?"

मी म्हटलं, कंबर.

"कंबर होतीच. पण ती मला म्हणाली होती, आता माझा पाय ऐकत न्हाय. गाडी मध्येच ओढ सोडते. म्हणाली, पायाची नस गेली वाटतं, आपल्याला न कळता उचलला जातो. कुणाचा जीव जायच्या आधी सोडलेली बरी."

आत्या!

मी कशी चालवत राहिले मला माहीत नाही. म्हणजे तुला पण उचक्या बसत होत्या. म्हणजे तू पण खुर्चीवर बसून फरशीवर पाय ठेवून बघितलं असशील. तुझा पाय हलतच नव्हता ग! सेन्सर तुझ्याबद्दल खोटं बोलत होता आणि तू, फिजिक्सची बाई, प्रत्येकाला मोजून बघ म्हणणारी, तू ते खरं मानलंस आणि चावी ताटाशेजारी ठेवलीस. आणि मी रडत वर आले तेव्हा तू मला तोच प्रश्न विचारलास, तुझा पाय काय करतो. मी म्हटलं काहीच नाही, आणि तू "बरं" म्हणालीस. माझ्या पायावर तू एका शब्दात विश्वास ठेवलास. स्वतःच्या पायावर ठेवला नव्हतास. तेव्हा सलीमभाईंकडे चहा निवत होता तेव्हा तू हेच बघत होतीस का? की तू ठीक होतीस, सगळा वेळ ठीक होतीस? का नाही बोललीस ग? मी चावी परत दिली असती. कमरेचा पट्टा बांधून एकदा तरी, राहनाळच्या त्या रस्त्यावर, तू चालवली असतीस आणि मी शेजारी ताठ बसले असते. की तुला वाटलं, हे कळलं तर मी गाडी परत देईन, म्हणूनच नाही बोललीस?

मी हे पप्पांना विचारायला मान वळवली.

ते झोपले होते. कोन अजून मागे पडलं नव्हतं, मागे ट्रक होता, समोर टेम्पो, आणि पप्पा मान खिडकीला टेकवून, तोंड उघडं टाकून, घोरत होते. इतक्या दिवसांत ते झोपलेच नव्हते. मी पाय हलू दिला नाही. गल्लीत वळले, घर आलं, दारात गाडी उभी केली. आई बाहेर आली, मी तिला बोटानं गप्प राहायला सांगितलं. इंजिन बंद केलं असतं तर ते उठले असते, म्हणून मी ते चालूच ठेवलं आणि बसून राहिले.